मागच्याचा हात

गोदामात त्याला सगळे उलट्या म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, त्याला स्वतःला तर नाहीच नाही. एखाद्या नव्या कारकुनाने खऱ्या नावाने हाक मारलीच, तर तो इकडेतिकडे बघायचा, की हा कोण बुवा नवीन माणूस लागलाय कामाला.

नाव पडलं ते कामावरून. मालवाहतुकीचं गोदाम ज्यांनी आतून पाहिलेलं नाही त्यांना हे जरा सांगायला हवं. जड नग, म्हणजे कपाट म्हणा, पंप म्हणा, लोखंडी तिजोरी म्हणा, दोघांनी मिळून उचलायचा. कंपनीच्या आणि युनियनच्या करारात तसं कलमच होतं, त्याला सगळे जोडीचं कलम म्हणत. ट्रकच्या पोटात जागा अरुंद, वळायला वाव नाही. म्हणून एकाने पाठमोरं आत शिरायचं आणि दुसऱ्याने समोर बघत यायचं. पाठमोरा जातो तो पुढचा. त्याला आपण कुठे चाललोय ते काडीचं दिसत नाही. वाट दिसते ती मागच्याला, म्हणून बोलायचं काम मागच्याचं. 'चल चल, पाय उचल, फळी आली, डावं घे, आता टेकव.' मागच्याने कधी गप्प व्हायचं नाही. सांगण्यासारखं काही नसलं तरी 'चल चल' करत राहायचं. आणि मागच्याचा आवाज बंद पडला, की पुढच्याने पाय असेल तिथे थांबायचं.

उलट्या पहिल्या दिवसापासून पुढचा. घरीसुद्धा तेच. लग्नानंतर पलंग आणला, तो जिन्यावरून चढवायला मेहुणा धावून आला. मेहुणा शिंपी. त्याला बिचाऱ्याला बोलायचं असतं हे काय माहीत? उलट्या चार पायऱ्या पाठमोरा चढला आणि आवाज येईना म्हणून थांबला. मेहुण्याला वाटलं, दमला असेल. त्याने पलंग टेकवला. हा थांबलेला, तो थांबलेला. खालच्या मजल्यावरची म्हातारी बाजाराला निघाली होती, ती शेवटी चपला हातात घेऊन पलंगावरून चढून पलीकडे उतरली आणि म्हणाली, "माझ्या लग्नातसुद्धा एवढा वेळ लागला नव्हता."

त्याच्या जोडीतला मागचा म्हणजे वाटाड्या. अंगाने आडवा आणि जिभेने त्याहून. एकदा भिंतीएवढा आरसा आला. तो उभा धरून न्यायचा, आणि काचेची बाजू नेमकी वाटाड्याकडे. त्याला उलट्याही दिसेना आणि वाटही दिसेना. तरी सवयीने त्याची बडबड चालू. मध्येच तो ओरडला, "ए, बाजूला हो, माल येतोय दिसत नाही?" उलट्या थांबला. "कुणाला म्हणतोयस?" "समोरून एक जाडा माणूस येतोय, हटतच नाही." हे गोदामात इतक्या वेळा सांगून झालं होतं, की पुढेपुढे वाटाड्या आला की लोक म्हणायचे, "जाड्याला सांगा, बाजूला हो."

असे दिवस होते. त्या दिवसांतच उलट्याच्या डोळ्यांत धुकं यायला लागलं.

आधी उजवा गेला, मग डावाही त्याच वाटेने निघाला. डॉक्टरने तपासलं आणि सरळ सांगितलं, की आतली शीर सुकतेय, गेलेलं परत येणार नाही, उरलंय तेवढं राखायला हे थेंब घाला. उलट्याने थेंब घातले आणि तोंडाला कुलूप. बायकोला ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही. पण जोडीदारापासून काय लपणार? एका सकाळी उलट्या कपडे बदलायच्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "काय रे, आज लवकर?" उत्तर मागून आलं, "तो माझा कोट आहे, लेका. मी इकडे आहे." वाटाड्या हसला नाही. कोट खुंटीवरून काढून त्याने अंगात घातला आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

त्या दिवसापासून वाटाड्याची कुरकुर वाढली. प्रत्येक नगावरचा पत्ता आणि तो ट्रक कुठल्या दाराला लागलाय ते तो चिडून मोठ्याने सांगायचा. "आली परत साबण कारखान्याची खोकी. चौथं दार. चौथ्या दारालाच आलंय सगळ्यांच्या घरचं कार्य." लोक म्हणायचे, वाटाड्याला म्हातारपण झेपत नाही, किरकिरा झाला. ही कुरकुर कुणासाठी चाललीय ते उलट्याला तेवढं कळत होतं. पाठमोरं चालणाऱ्याला डोळे लागतातच कशाला? हात शाबूत होते, पाठ शाबूत होती, कान शाबूत होते. जोडीत तो पुरा माणूस होता.

आता हाताची गोष्ट. फार पूर्वी युनियनची सभा कामाच्या वेळात भरायची आणि तेव्हाचे मालक म्हणायचे, जोडीतला एकच जाईल, दुसरा मालापाशी थांबेल. बोलायची सवय मागच्याला, म्हणून मागचा जायचा आणि त्याचा एक हात दोन मतं धरला जायचा. पुढे सभा सुटीच्या दिवशी होऊ लागल्या, सगळ्यांना यायला मोकळीक झाली, पण रीत राहिली ती राहिलीच. पुढचे हात मांडीवर ठेवून बसायचे आणि मागचे हात वर करायचे. ड्रायव्हर लोकांचा एकेकाचा हात. ते चिडवायचे, "आमचं बघा, आम्ही अजून बिनलग्नाचे." उलट्याने इतक्या वर्षांत वाटाड्याला एकदाही विचारलं नव्हतं, की तू हात कशासाठी वर केलास. विचारायचं काय त्यात?

आणि मग कंपनीलाच घरघर लागली. मोठी गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे गेली. अंगणातले अर्धे ट्रक चाकं काढून विटांवर उभे. संडासातला दिवा गेला तो गेलाच, लोक आत जाताना शीळ घालायचे, म्हणजे आत कुणी असेल तर त्याने उलटी शीळ घालावी. जुन्या मालकांची मुलगी आता कारभार बघत होती. लहानपणी ती याच गोदामात खोक्यांवर चढून खेळलेली, त्यामुळे म्हाताऱ्यांना अजून काका म्हणायची. तिने सगळ्यांना अंगणात बोलावून आडपडदा न ठेवता सांगितलं. जोडीचं कलम सोडा. प्रत्येकाला एक ढकलगाडी मिळेल, ज्याचा माल त्याने न्यायचा. हे मान्य असेल तर बँक थांबायला तयार आहे, नाहीतर फाटकाला टाळं.

उलट्या घरी आला आणि बूट न काढताच बसून राहिला. बायको धोबीखान्यात इस्त्रीच्या कामावर होती, तिच्या कपड्यांना कायम गरम सुताचा वास. ती म्हणाली, "ढकलगाडी समोर बघून ढकलावी लागते ना?"

"हो."

"आणि पत्ते?"

"पत्तेही ज्याचे त्याने वाचायचे."

ती म्हणाली, "वाटाड्या भाऊजींना सांगा ना. म्हणावं, नको म्हणून हात वर करा. त्यांचं बघून बाकीचे मागचेही करतील. तोंड आहे ना तुम्हाला?"

"त्याचा जावई आहे ड्रायव्हर. टाळं लागलं तर मुलीचं घर उठतं. त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की माझ्यासाठी लेकीच्या संसारावर पाणी सोड?"

"मग त्यांनी हो म्हणून हात वर केला तर?"

"तर केला."

"तर केला म्हणजे काय? मग तुमचं काय?"

उलट्याने बूट काढले, पायाने चाचपत चपला शोधल्या. त्या जागेवर नव्हत्या. बायकोने उठून त्या त्याच्या पायाशी सरकवल्या आणि तोंड फिरवून बसली.

सभा सुटीच्या दिवशी भरली, रिकाम्या पडलेल्या तिसऱ्या दारापाशी. लोक लाकडी फळ्यांवर बसले. उलट्या आणि वाटाड्या नेहमीसारखे खांद्याला खांदा लावून. आठवडाभर वाटाड्याने सगळ्या जगाबद्दल बडबड केली होती, फक्त या एका गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. उलट्यानेही विचारलं नव्हतं.

सेक्रेटरी जुना ड्रायव्हर, घसा कायमचा बसलेला. तो म्हणाला, "मंडळी, मी हे घ्या म्हणणार नाही आणि टाका म्हणणार नाही. हे कलम आपल्या आधीच्यांनी मिळवलं, तेव्हा किती जणांचे मणके गेले होते ते म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. पण आज आत येताना तुम्ही अंगण पाहिलंत, तेही खोटं नाही."

एक ड्रायव्हर उठला. "मागच्या करारात आपण सुट्या सोडल्या. त्या बदल्यात नव्या गाड्या देणार होते."

"दिला की नवा रंग," दुसरा बसल्या जागेवरून म्हणाला. "आतलं इंजिन माझ्या सासऱ्याच्या वयाचं आहे आणि त्याच्यासारखंच खोकतं."

"तुझा सासरा निदान सकाळी सुरू तरी होतो."

लोक हसले. मग एक हमाल म्हणाला, "एकट्याने कपाट कसं चढवायचं ते मालकीणबाईंनी आधी करून दाखवावं."

"ढकलगाडी देतायत ना."

"ढकलगाडी फळी चढते का आपणहून?"

"आणि टाळं लागलं तर काय चढवणार आहेस? डोक्यावर हात?" हा वाटाड्याचा जावई. समोरच बसला होता, उलट्याने त्याला आवाजावरून ओळखलं. "माझ्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. ज्यांच्या नोकरीची चार वर्षं उरलीत त्यांनी आमच्या गळ्यावर सुरी ठेवू नये."

"तोंड सांभाळ, जावईबापू," कुणीतरी म्हणालं. वाटाड्या काही म्हणाला नाही.

मग मागच्या फळीवरून एक शंका आली. जोडी मोडायची की नाही हाच जर प्रश्न, तर पुढच्यांना आजच्यापुरता तरी स्वतःचा हात का नसावा? गलका झाला. सेक्रेटरीने दोन्ही हातांनी तो खाली बसवला आणि निवाडा दिला. ज्या पुढच्याला वाटेल त्याने आपला हात वर करावा, तो वेगळा मोजू. जो करणार नाही त्याचं मत नेहमीसारखं मागच्याच्या हातात.

आता उलट्याचा स्वतःचा हात त्याच्या मांडीवर मोकळा पडला होता. वर केला की झालं. पण वाटाड्याने हो म्हटलं आणि याने नाही म्हटलं, तर सगळ्यांदेखत जोडी फुटली. लोक विचारणार, उलट्याचं एवढं काय अडलंय? उत्तर एकच होतं, आणि ते सांगायचं नव्हतं.

"मान्य असणारे," सेक्रेटरी म्हणाला.

समोर राखाडी धुक्यात काहीतरी हललं. किती, कोण, काही कळेना. उलट्याने सगळं लक्ष आपल्या डाव्या खांद्यात गोळा केलं. वाटाड्याचा हात वर गेला तर खांदा हलणार. खांदा हलला नाही. म्हणजे हा नाही म्हणणार. लेकीचं घर बाजूला ठेवून नाही म्हणणार. आनंद व्हायचा तर त्याला भीतीच वाटली.

"मान्य नसणारे."

पुन्हा धुकं हललं. कापडांची सळसळ झाली. डावा खांदा होता तसाच राहिला, दगडासारखा. उलट्या वाट बघत राहिला. आता हलेल, आता काहीतरी बोलेल, निदान खाकरेल. आवाज नाही. आणि जे जन्मभर केलं तेच त्याच्याकडून झालं. आवाज आला नाही म्हणून तो होता तिथे थांबला. स्वतःचा मोकळा हात मांडीवर आहे, तो आत्ता वर करायचा आहे, हे त्याला समजलं तोवर सेक्रेटरीने हात खाली घ्यायला सांगितले होते.

सेक्रेटरीने दोनदा मोजलं होतं. अगदी काठावर, पण मान्य झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक उठले आणि पँटला लागलेला भुसा झटकत निघून गेले.

बसथांब्यापर्यंत दोघे बरोबर चालले. वाटाड्या खड्डे सांगत होता, "पाय उचल, डावं घे." थांब्यावर आल्यावर उलट्याने विचारलं, "कुठल्या वेळी हात वर केलास?"

"कुठल्याच नाही."

"दोन्ही वेळा नाही?"

"जावई समोर होता. त्याच्याकडे बघितलं की वाटायचं, करावा. तू शेजारी होतास. मग मी जमिनीकडे बघत बसलो."

"हो म्हणून केला असतास तरी चाललं असतं रे. चार शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस बोललो नसतो. पण काहीतरी करायचं होतंस."

"तुझा हात मोकळा होता ना?" वाटाड्या पहिल्यांदाच त्याच्यावर चिडला. "सेक्रेटरीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. तू का नाही केलास?"

"मी तुझ्यावर थांबलो होतो."

बस आली. ती वाटाड्याची होती. तो पायरीवर पाय ठेवून क्षणभर थांबला, मागचे लोक ढकलायला लागले तसा आत गेला.

ढकलगाड्या आल्या. निळ्या, नव्या, चाकांना तेलाचा वास. पहिले काही दिवस उलट्याने कसेबसे काढले. कुठलं दार कितवं ते पायांना पाठ होतं. पत्त्यांसाठी वाटाड्या आपली गाडी घेऊन जवळून जायचा आणि जाताजाता पुटपुटायचा, "तुझं दुसरं दार. त्याच्या मागचं सहावं." पण एका माणसाचे डोळे दोन माणसांना पुरवायचे म्हणजे स्वतःच्या गाडीला उशीर. मुकादमाने वाटाड्याला हटकलं. "तुझी गाडी कुठंय आणि तू कुठंयस? जोडी संपली, मालक, आता संसार वेगळे." वाटाड्याने काहीतरी चेष्टा करून वेळ मारून नेली. पण दुसऱ्या दिवशी मुकादमाने त्याला पार टोकाच्या दाराला लावलं.

त्याच दिवशी घोळ झाला. शाळेची बाकं बर्फाच्या कारखान्यात पोचली आणि बर्फाच्या कारखान्याचा पंप शाळेत. गोदामात हसून हसून लोकांची पोटं दुखली. मास्तर पंपासमोर पोरांना उभं करून पाढे घेतायत, अशा नकला झाल्या. हसणं थांबलं ते बर्फाच्या कारखान्याने निरोप पाठवला तेव्हा. पंपावाचून त्यांचा सगळा माल वितळला होता. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, उरलेल्या मोजक्यांतलं. पुन्हा तुमच्या ट्रकमध्ये खिळाही घालणार नाही, म्हणाले.

मुकादमाने विचारलं, कुणाची गाडी? उलट्या तोंड उघडणार तोच टोकाच्या दारावरून आवाज आला, "चूक माझी." वाटाड्या धापा टाकत आला. "मीच त्याला पत्ता सांगितला, चुकीचा सांगितला. गप्पांच्या नादात." मुकादम म्हणाला, "मग उद्यापासून गप्पा घरी मारा. वर कळवतो."

उलट्या तिथून निघाला तो थेट मालकीणबाईंच्या खोलीकडे. जिना त्याला पाठ होता, दार उघडं आहे की बंद ते मात्र हाताने बघावं लागलं.

"या काका," बाई म्हणाल्या. आवाज थकलेला. टेबलावरचा फोन वाजत होता, त्यांनी तो वाजू दिला.

"बर्फवाल्यांचा पंप मी चुकवला, बाई. वाटाड्याने नाही. मला अक्षर दिसत नाही. तुमचं तोंडही दिसत नाही, नुसता आवाज येतोय."

फोन वाजायचा थांबला.

"आधी सांगितलं असतंत तर काहीतरी बघितलं असतं, काका."

"आधी म्हणजे कधी? आधी मला दिसत होतं."

"म्हणजे?"

"वाटाड्या होता ना."

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला फसवत नाही. बसून करायचं दुसरं काम माझ्याकडे नाही. फाटकावर एक पहारेकरी आहे, त्यालाच ठेवावं की काढावं हा प्रश्न आहे."

"आंधळा पहारेकरी ठेवू नका बाई. उरलेले ट्रकही जातील."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. वाटाड्याला काही करणार नाही एवढं त्यांनी कबूल केलं. निदान या महिन्यात नाही, असं पुढे जोडलं, कारण बर्फवाले गेल्यावर पुढच्या महिन्यात कुणाला ठेवता येईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग नोकरी सोडल्याचा कागद आला. सही कुठे करायची ते त्याने विचारलं. बाई उठून त्याच्या बाजूला आल्या, त्याचं बोट धरून कागदावर टेकवलं आणि म्हणाल्या, "इथून सुरू करा." त्याने सही केली. शेवटची दोन अक्षरं कागद सोडून टेबलावर गेली. बाई म्हणाल्या, "झालं, काका. बरोबर झालं."

तो खाली उतरला. अंगणात चाकांचा खडखडाट चालला होता. त्यातली एक गाडी त्याच्यापाशी येऊन थांबली.

"काय म्हणाल्या?" वाटाड्याने विचारलं.

"तुला ठेवलंय."

"आणि तुला?"

मुकादमाची शिट्टी वाजली. मागे दोन गाड्या अडकल्या होत्या, त्यांच्यावरची माणसं पुढे व्हा, पुढे व्हा म्हणत होती.

"गाडी ढकल," उलट्या म्हणाला. "मागे माणसं थांबलीत."